आधी सातत्य, मग नेम

‘एबीयू रोबोकॉन’ या रोबोट स्पर्धेचा २०२५चा विषय होता रोबोट बास्केटबॉल. अंतिम स्पर्धा मंगोलियात उलानबातरला, त्याआधी देशातल्या संघांची फेरी दिल्लीत. पवईला आयआयटीच्या आवारात आमचा रोबोट आकार घेत होता आणि चेंडू फेकणाऱ्या यंत्रणेचं ट्यूनिंग माझ्याकडे होतं.

रचना साधीच. एकमेकांच्या उलट फिरणारी दोन रबरी चाकं आणि मध्ये चेंडूच्या व्यासापेक्षा थोडी कमी फट. मागून ढकललेला चेंडू चाकांमध्ये दबतो आणि त्यांचा वेग घेऊन सुटतो. मात्र चेंडू किती लांब जाणार हे साधारण वेगाच्या वर्गावर ठरतं. वेगात २ टक्के फरक पडला की अंतरात ४ टक्के. ५ मीटरवर तो २० सेंटिमीटरच्या घरात जातो. बास्केटबॉलच्या नेहमीच्या रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे २४. म्हणजे चेंडू मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना जेमतेम १० सेंटिमीटर मोकळे!

पहिला फरक बॅटरीचा. सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते, वापरात २२च्या आसपास येते. मोटरला ठरावीक पॉवर दिली तर ताज्या बॅटरीचा शॉट लांब जातो, उतरत्या बॅटरीचा आखूड पडतो. म्हणून चाकांना एन्कोडर लावले आणि वेग मोजून पॉवर कमी-जास्त करणारा पीआयडी प्रोग्राम लिहिला.

तरीही शॉट विखुरत होते. मी कोन बदलू लागलो, तेव्हा एक सीनियर म्हणाला, “अरे, आधी सगळे एकाच जागी पाड. मग ती जागा हलवू.”

लॅपटॉपवर वेगाचा आलेख लावला. चेंडू शिरताना वेग घसरणारच, पण प्रत्येक शॉटला घसरण वेगळी होती. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कारण दिसलं: चाकांमागच्या ट्रेमध्ये चेंडू किंचित सरकत होता आणि एका चाकाला आधी टेकत होता. नागदेवीच्या बाजारातून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणून ट्रेमध्ये बसवल्या. चेंडू दरवेळी मधोमध बसू लागला. हवा कमी-जास्त असली की चेंडू दबतोही वेगळा, म्हणून प्रत्येक चेंडूत गेज लावून ८ पीएसआय हवा भरली.

पुढचे शॉट रिंगच्या डावीकडे पडले, पण सगळे एकाच जागी. टीम आनंदाने ओरडली, कारण आता फक्त रोबोट थोडा उजवीकडे वळवायचा होता. वळवला, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

रोबोटवर काम करणाऱ्या शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: शॉट चुकला की लगेच कोडला हात घालू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, ती वहीत लिहा आणि शॉट एकाच जागी पडायला लागेपर्यंत रिंगकडे बघूच नका.