दोन पेले पन्हे

उन्हाळ्यातली दुपार होती. गांधीबागेतील कापडबाजाराची गडबड उन्हाने मंदावली होती. माडीवर बसून मी माझ्या पाच वर्षांच्या नातीवर एक प्रयोग केला. दोन सारख्या पेल्यांत सारखे पन्हे ओतले. "दोन्हींत सारखेच ना?" "हो, आबा." मग एका पेल्यातील पन्हे उंच, निमुळत्या पेल्यात ओतून तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली व उंच पेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यात जास्त."

झां पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने मुलांना असेच प्रश्न विचारून ठरविले की, सुमारे सात वर्षांपर्यंत मूल एका वेळी एकाच गुणाकडे पाहते. पातळी चढली की पदार्थ वाढला, असे त्यास वाटते. माझा प्रयोग पुस्तकाबरहुकूम पार पडला खरा. पण नातीची ती नजर मला स्वस्थ बसू देईना.

१९७४ साली सुझान रोझ व मॅरियन ब्लँक या विदुषींनी असाच एक प्रयोग करताना आरंभीचा प्रश्न गाळून, बदल झाल्यावर एकदाच विचारले. तेव्हा सहा वर्षांची मुले कमी चुकली. वडीलधाऱ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्या अर्थी आपले पहिले उत्तर चुकले असावे, असा तर्क मूल करीत असले पाहिजे. ही मतिमंदता नव्हे. हे व्यवहारज्ञान होय!

हे वाचले आणि मला माझा मुलगा आठवला. मी त्याचे पाढे घेई. उत्तर बरोबर आले तरी खात्रीसाठी दरडावून पुन्हा विचारी. तो गडबडून उत्तर बदली आणि मी त्याला 'मठ्ठ' म्हणे. आज तो हिशेबात माझ्याहून चोख आहे; परंतु मला उत्तर देताना अजून थबकतो.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल आपल्या मापात बसत नसेल, तर आधी माप तपासावे, हे त्यांनी जाणले. मी पदवीधर असूनही ते जाणले नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याला घरखर्चाचे काही विचारावयाचे होते. या खेपेस मी एकदाच विचारले, आणि तो सांगेल ते ऐकून घेतले.