गंजिफा आणि निन्टेंडो

नातवंडांच्या हातातील ‘स्विच’ हे खेळाचे यंत्र बनविणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीचा आरंभ पत्त्यांपासून झाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी क्योटो येथे ‘हानाफुदा’ हे हाती बनविलेले पत्ते विकणारे लहानसे दुकान काढले. बारा महिन्यांची बारा फुलझाडे, प्रत्येकाची चार पाने, असा तो ४८ पानांचा जोड.

त्या काळी आपल्या सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफा रंगवीत असत. गोल पाने, चिंचोक्याची खळ, वर लाखेची झिलई. दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे एकूण १२० पाने. दिवसा डाव रामापासून सुरू व्हायचा, रात्री कृष्णापासून. कारागिरीत ही पाने हानाफुदाच्या तुलनेत तसूभरही उणी नव्हती.

तरीही दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. हानाफुदावर जुगार चाले, पाने झिजत आणि नवा जोड घ्यावा लागे. दुकान चालले ते या मागणीवर. त्यात मिरविण्यासारखे काही नाही. पण पुढे पत्त्यांच्या यंत्रांच्या देखभालीसाठी १९६५ साली नोकरीस लागलेल्या गुनपेइ योकोइ यांनी फावल्या वेळात केलेले एक खेळणे कंपनीने पुढच्याच वर्षी बाजारात आणले. १९८० साली त्यांचाच खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ आला आणि १९८३ साली कंपनीचा ‘फॅमिकॉम’. हानाफुदा मात्र कंपनी आजही विकते.

इकडे छापील बावन्न पानांच्या स्वस्त जोडांपुढे गंजिफा मागे पडली. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली, म्हणून ती वाचली. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आज गंजिफा विकत घेणारा बहुधा ती भिंतीवर लावतो. डाव मांडणारा विरळाच.

शासकीय सेवेत हस्तकलेच्या अनुदानाच्या फायली माझ्या टेबलावरून जात. कारागीर किती, प्रदर्शने किती, असे रकाने त्यांत असत. वस्तू कोणाच्या रोजच्या वापरात आहे, हा रकाना नसे.

होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या आपल्या घराण्यांनी मराठीचा हाच रकाना भरून पाहावा. गणेशोत्सवातील नाटक, वार्षिक व्याख्यान ही आपली प्रदर्शने झाली, ती हवीतच. पण भांडताना, हिशेब करताना, खेळात हरताना आपली मुले कोणत्या भाषेत बोलतात? २०२० साली पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीने दुर्गेच्या कृपेने असुरांशी लढणाऱ्या ‘राजी’ या मुलीचा खेळ प्रथम स्विचवरच आणला. आपल्या कथा नव्या पिढीच्या हाती खेळायला देता येतात, याचा तो पुरावाच.

येत्या सुटीत सभेच्या दालनात गंजिफेचा एक जोड कपाटाबाहेर काढून मुलांना डाव शिकवावा, अशी माझी सूचना आहे. पाने मळतील, एखादे हरवेलही. तेवढी तयारी आपण ठेवावी.