कारणाचा रकाना

सरकारी नोकरीत बदलीइतकीच अटळ दुसरी गोष्ट म्हणजे छापील नमुना. कलकत्त्यास बदली होऊन आल्यावर गोदामातील अपघातांची नोंद ठेवण्याचे काम आमच्या वाट्यास आले. नमुन्यातील एका रकान्यात अपघाताचे कारण लिहावयाचे असे. जुन्या फायलींत तेथे बहुधा 'कामगाराची असावधानता' हेच शब्द आढळत. आम्हीही तेच उचलले.

गेल्या पावसाळ्यात माल चढविण्याच्या फलाटावर फोर्कलिफ्टखाली एका हमालाचे पाऊल चिरडले. आम्ही रकाना भरला. दोन महिन्यांनी तो कुबडी टेकीत आला. नोंदीची प्रत मुकादमाकडे गेली होती, आणि असावधान माणसास बसून करावयाचे कामही द्यावयास तो राजी नव्हता. "काय लिहिलंत, बाबूजी?" हमालाने विचारले. आम्ही वाचून दाखविले. तो रागावला नाही, एवढेच म्हणाला, "गाडी तर पुढं चालली होती. मी तिच्या मागच्या अंगाला, बाजूस उभा होतो."

ते वाक्य आम्हांस स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी, तीन वर्षांत प्रथमच, आम्ही जिना उतरून फलाटावर गेलो. चालकाने समजावून दिले : मोटारीची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे ती डावीकडे वळली की तिची पाठ उजवीकडे फेकली जाते. पुढच्या ओझ्यास तोल म्हणून त्याच पाठीत जड लोखंड घातलेले असते. अडीच टन उचलणारी गाडी रिकामीच साडेतीन टनांच्या आसपास भरते. खोक्यांची चळत नजर अडवीत असेल तर ती उलटी हाकावी लागते, आणि तिचा भोंगा लॉऱ्यांच्या घरघरीत बुडून जातो. अशा जागी माणसांची वाट व गाडीची वाट निराळी आखावी लागते. आमच्या फलाटावर एकही रेघ नव्हती. सावध हमालाने उभे तरी कोठे राहावे, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही वरिष्ठांकडे टिपण पाठविले, आणि नोंदीतील कारण बदलण्याची परवानगी मागितली. महिन्याभरात फलाटावर पिवळे पट्टे आखले गेले. फाईल मात्र 'प्रकरण निकालात निघाले आहे' एवढ्या शेऱ्यानिशी परत आली.

हल्ली सायंकाळी आम्ही त्या पट्ट्यांमधूनच घरी जातो. तो हमाल पुन्हा दिसला नाही. त्याच्या कागदावर ते दोन शब्द अजून आमच्याच अक्षरात आहेत.