जात्याचा दुसरा हात

जनाबाई आमच्या गंगाखेडची. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळता-कांडता ती मनातलं विठोबाला सांगायची, त्याच्याशी भांडायचीही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर, माहेर, नवरा, सगळं आहे. जात्याला दोघी बसल्या की एक सांगायची, दुसरी खुंटा ओढत ऐकायची.

ताई सासरहून फोन करते. घरात सगळ्यांकडे उत्तर तयार असतं: ‘जमवून घे’ किंवा ‘निघून ये’. दोन्ही देणाऱ्याला सोपी. मी विचारते, “तुला काय हवंय?” आणि थांबते. परवा बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मला बीएड पूर्ण करायचंय.” हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.