अडुसष्ट हजारांचं इंजिन

चालू स्थितीत गाडीचे दीड लाख आले असते. बंद पडल्यावर भंगारवाल्याने ३५ हजार सांगितले. आणि इंजिन पुन्हा बांधायचा अंदाज होता ६५ ते ७० हजार. हे तीन आकडे घेऊन मी दोन दिवस एक्सेल शीट उघडून बसलो होतो. चौथा आकडा त्यात भरायची हिंमत होत नव्हती.

गाडी अण्णांची. २०१२ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, मी दहावीत असताना घेतलेली. पुण्यात फ्लॅट बदलायचा होता म्हणून मी ती महिनाभर साताऱ्याहून आणली होती. मे महिन्यातल्या एका शनिवारी परत न्यायला निघालो. रात्री नऊला प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट होतं, त्याआधी घरी पोचून लॅपटॉप उघडायचा होता.

खंबाटकी घाटात ट्रकांची रांग लागली होती. पहिला गिअर, एसी चालू. तापमानाचा काटा नेहमी मध्यावर असतो, तो वर सरकायला लागला. मी पाहिलं. एसी बंद केला आणि चालत राहिलो. काटा लाल रेषेला टेकला, तेही पाहिलं. वाटलं, घाट संपला की उतारावर होईल थंड. ऑफिसात सर्व्हरचा अलर्ट आला तर पाच मिनिटांत उठून बसणारा माणूस मी.

उताराला लागल्यावर काटा खरंच खाली आला. मी निर्धास्त झालो. वेळे गाव जवळ आलं तेव्हा इंजिनातून खडखड आवाज आला, गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला तर नुसतं टक् झालं. टोचन करून साताऱ्यात आणली.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला होता, म्हणजे त्यात पाणी मिसळलं होतं. रेडिएटरला बारीक गळती होती, कूलंट हळूहळू कमी होत गेलं असणार. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, पिस्टन फुगून बोअरमध्ये घासले आणि इंजिन बसलं.

‘‘पण काटा तर खाली आला होता,’’ मी म्हणालो.

‘‘पाणीच संपलं होतं ना,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. तो कोरडा पडल्यावर काटा काय सांगणार?’’

पर्याय तीन होते. कंपनीकडून नवं इंजिन घ्यायचं, तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. जुन्या बाजारातून उतरवलेलं इंजिन बसवून ४५ हजारांत मिळत होतं. पण इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत जाऊन आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो आणि ते इंजिन कुठून आलं याची कागदपत्रं लागतात. कागदांचा विषय काढल्यावर विकणारा म्हणाला, ‘‘कोण बघतंय?’’ तिथेच तो पर्याय संपला. तिसरा पर्याय म्हणजे आहे तेच इंजिन बांधायचं. ब्लॉक तोच, नंबर तोच.

इन्शुरन्सचा उपयोग नव्हता. आमच्या पॉलिसीत अपघात आणि चोरी होती, यंत्रातला बिघाड नव्हता. शिवाय २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार. मग तपासणी, नूतनीकरणाचे ५,००० रुपये, वर हरित कर, आणि नोंदणी पुढच्या पाचच वर्षांसाठी.

मित्र म्हणाले, दीड लाखाच्या गाडीवर सत्तर हजार घालणं वेडेपणा आहे. मलाही आधी तसंच वाटलं. पण ही तुलना चुकीची होती. खरा प्रश्न हा, की ७० हजार अधिक भंगाराचे ३५ हजार, एवढ्यात मला दुसरी कोणती गाडी मिळेल? जी मिळेल, तिचं इंजिन आधी कोणी कसं चालवलं ते कळणार नाही. या गाडीचं मला माहीत होतं. ८४ हजार किलोमीटर नीट चालवलेली, फक्त शेवटची वीस मिनिटं वाईट.

ती वीस मिनिटं म्हणजेच तो चौथा आकडा.

अण्णा म्हणाले होते, ‘‘गाडीचंही वय झालंय. एक एफडी आहे, ती मोडतो.’’ मी काहीच बोललो नव्हतो. गाडीचं वय झालंय, हे माझ्या सोयीचं होतं.

तिसऱ्या रात्री जेवताना सांगितलं. ‘‘अण्णा, काटा वर जाताना मी बघितला होता. थांबलो नाही. थांबलो असतो तर रेडिएटर आणि फॅनवर भागलं असतं, साडेसात हजारांत. वरचे सगळे माझ्यामुळे. ते मी देतो.’’

अण्णांनी घास खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने भाताचं विचारलं, त्यालाही उत्तर नाही. मग म्हणाले, ‘‘अर्धे तू दे.’’

‘‘अर्धे का?’’

‘‘महिन्याच्या एक तारखेला बॉनेट उघडून पाणी बघायचो मी. गेली दोन वर्षं कंटाळा केला. तुला चावी दिली तेव्हाही बघितलं नाही.’’

एवढंच बोलून ते हात धुवायला उठले. मी त्यांना माफी मागितली नाही, हे नंतर लक्षात आलं. ती दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या बाहेर मागितली. ते म्हणाले, ‘‘बिल नीट तपासून घे.’’

बिल असं झालं: पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट वगैरे पार्ट ३४,६००. लेथवर बोअर आणि हेडचं फेसिंग ११,८००. रेडिएटर आणि फॅन ७,५००. ऑइल-कूलंट ३,१००. मजुरी ११,०००. एकूण ६८,०००. मी ३४ हजार दिले, अण्णांनी ३४. एफडी मोडली नाही, पेन्शनच्या खात्यातून काढले.

मिस्त्रींनी सांगितलं, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही, मग ऑइल बदलायचं. पुढच्या रविवारी अण्णा आणि मी वाईपर्यंत जाऊन आलो. सगळे ओव्हरटेक करून जात होते. निघण्याआधी अण्णांनी बॉनेट उघडलं, टाकीतलं कूलंट बघितलं आणि मलाही वाकून बघायला लावलं.