डहाणू रोडचा वारा

स्टेशनच्या नावामागे 'रोड' लागला, की गाव तिथून दूर आहे असे खुशाल समजावे. डहाणू रोडचेही तसेच. मूळ गाव समुद्राच्या बाजूला, आणि स्टेशनभोवतीची वस्ती आगगाडीच्या मागून आलेली. वाचकांपैकी पुष्कळजण इथे चिकूसाठी येऊन गेले असतील. आम्ही गेलो ते आईच्या नवसापायी. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायचे, तर आदली रात्र समुद्राकाठी काढू, हा बेत माझा.

आईला दमा आहे. अहमदाबादच्या महामार्गावर मालमोटारींची धूळ; काच खाली केली की तिचा खोकला सुरू. तेव्हा काचा बंद आणि ब्लोअर चालू, हा आमच्या जुन्या मोटारीचा शिरस्ता. तो ब्लोअर नेमका सकाळी निघताना मुका झाला. डॅशबोर्डवर चापट मारली की क्षणभर फुंकायचा, पुन्हा गप्प. ऑक्टोबरचे ऊन, त्यात रविवार. गॅरेजवाला म्हणाला, "उद्या या."

"देवी काही पळून जात नाही," आई म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

माझे वडील रेल्वेच्या परळ कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी डिकीत असते. ते गेल्यापासून मी ती नुसती एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवत आलो. हयात होते तोवर त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. "तू पुस्तकं वाच," म्हणायचे. वाचली.

पेटी उघडली. फ्यूज पाहिला; तो शाबूत. मग पुढच्या आसनासमोरचा कप्पा उचकटायला घेतला, तोच मागून आवाज आला, "अरे, आधी बॅटरीची काळी तार काढ. हे नेहमी तेच करायचे."

काढली. पाय दाराबाहेर, डोके पायदाणीत, अशा अवस्थेत अस्मादिकांनी तीन स्क्रू सोडवले. मराठीच्या प्राध्यापकाला त्या वेळी जे शब्द सुचले ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत. मोटर हातात आली ती तिच्या पंख्यासकट, आणि पंख्यात गच्च भरलेल्या सुरूच्या काड्या! काचेखालच्या जाळीतून त्या आत शिरल्या होत्या. वाटले, जिंकलो. काड्या काढून मोटर बॅटरीला जोडली. ती हलेना.

चहाच्या टपरीवाल्याने मोटर वाइंडिंगचे दुकान दाखवले. डहाणूत असे दुकान सापडले यात नवल नाही. 1991 साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. औष्णिक वीजकेंद्र सोडले तर मोठे कारखाने इथे फारसे आले नाहीत, आणि चिकूच्या वाड्या राहिल्या. वाड्यांना पाणी लागते, पाण्याला पंप, आणि पंप जळला की तांब्याची तार गुंडाळणारा माणूस. जमिनीवर चार-पाच पंप उघडे पडले होते. दुकानातल्या तरुणाने माझी मोटर कानाशी नेऊन हलवली.

"कार्बन संपलाय, काका. म्हणून चापट मारल्यावर चालायची. चापटीनं तेवढ्यापुरता टेकायचा."

या मोटरचा कार्बन त्याच्याकडे नव्हता. मिक्सरचा होता. तो पॉलिश पेपरवर घासू लागला, मग काय वाटले कोण जाणे, माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्ही घासा. खाचेत सैल सरकला पाहिजे, डुगडुगला नाही पाहिजे." दोन कार्बन घासायला मला पाऊण तास लागला. बोटे काळी झाली. आई दारातल्या स्टुलावर बसून बघत होती, एकदाही "झालं का?" म्हणाली नाही.

"हा 230 व्होल्टच्या यंत्राचा," पैसे घेताना तो म्हणाला, "बॅटरीवर जोर कमी पडेल. मुंबईला गेल्यावर बरोबर मापाचा टाका."

गाडीत मोटर बसवली, काळी तार जोडली, बटण फिरवले. आधी उरलीसुरली धूळ आणि दोन काड्या उडून आईच्या मांडीवर पडल्या. मग वारा आला. पूर्वीइतका नव्हे, पण अखंड. दुपार टळल्यावर आम्ही चारोटीकडे निघालो. काचा बंद. आई खोकली नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराची गाठ सोडून एक स्क्रू माझ्यापुढे धरला.

"हा तुझ्या पायाशी पडला होता. ह्यांचाही एखादा उरायचाच."