आळशी

गेल्या वर्षी आठ-नऊ महिने मला सगळे आळशी म्हणत होते. आई फोनवर म्हणायची, "किती गं झोपतेस!" मॅनेजरने रिव्ह्यूमध्ये जरा सभ्य शब्द वापरला, 'वेग कमी'. ऑफिसातल्या एकाने ग्रुपवर माझ्या नावाने स्लॉथचं मीम टाकलं. मीही हसले. त्या रात्री झोप येईना म्हणून स्लॉथबद्दल वाचत बसले.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत राहणारा हा प्राणी. अठराव्या शतकात बुफाँ या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने लिहून ठेवलं, की याच्यात आणखी एक जरी दोष असता तरी हा जगू शकला नसता. पण हिशोब मांडून बघा. खाणं मुख्यतः पानं. त्यांत पोषण थोडं, पचायला जड, काही विषारीही. ती पचायला कित्येक दिवस लागतात. एवढ्याशा मिळकतीत घर चालवायचं तर खर्चच कमी करायला हवा. म्हणून स्नायू कमी, अंगाची ऊब हवेबरोबर वर-खाली होणारी, चयापचय सस्तन प्राण्यांत जवळपास सर्वांत मंद. तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत आठ-नऊ मणके असतात (जिराफालाही सातच!), त्यामुळे अंग न हलवता तो आजूबाजूला पाहू शकतो. केसांत शेवाळ वाढतं आणि तो पानांत मिसळून जातो.

गंमत म्हणजे दोन बोटांचे आणि तीन बोटांचे स्लॉथ जवळचे नातेवाईक नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या दोन घराण्यांनी झाडाला उलटं लटकणं स्वतंत्रपणे साधलं. एकमेकांना न भेटलेल्या दोन टीम्सनी एकाच प्रश्नाला तेच उत्तर लिहावं तसं. त्यांच्याच कुळातलं, जमिनीवर चालणारं हत्तीएवढं मेगाथेरियम मात्र केव्हाच नामशेष झालं.

चुकीचं नाव किती चिकटतं बघा. 1791 मध्ये जॉर्ज शॉने आपल्याकडच्या अस्वलाला स्लॉथच ठरवून टाकलं. चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजीत ते अजून 'स्लॉथ बेअर'च आहे.

मग माझा रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच भरपूर वाढलेलं, थायरॉइड ग्रंथी मंदावलेली.

मीही स्लॉथच, असं म्हणायचा मोह झाला. पण ते खरं नाही. त्याचा संथपणा लाखो पिढ्यांनी कमावलेला आहे, माझा म्हणजे बिघाड. मला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते. साम्य एवढंच, की शरीराचा हिशोब न बघता दोघांच्याही स्वभावाला नाव ठेवलं गेलं. आणि माझ्या बाबतीत ते ठेवणाऱ्यांत मीही होते.

आईला फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या आत्याला अगदी असंच व्हायचं गं. कुणी कधी तपासलंच नाही. आम्ही तिला शेवटपर्यंत आळशीच म्हणत राहिलो."